भुताच्या खेळातली झटापट

सातारच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली उभारलेल्या समितीने भानामतीची किती तरी प्रकरणे चौकशी करून उलगडली. त्यावरून वर्गात शोधाचा खेळ छान होतो. मुले पात्रे होतात, शिक्षक प्रसंग सांगतात. पण झटापट आली की खेळ रेंगाळतो. असे का व्हावे?

'कॉल ऑफ क्थुलू' या १९८१ च्या भयकथा-खेळाचा नियम पाहू. पात्राचे कौशल्य २५ असेल, तर शंभरात २५ किंवा कमी आकडा आला की यश. म्हणजे एका यशाला सरासरी ४ प्रयत्न. बाकीची मुले तोवर कंटाळतात. कौशल्य ५० धरले, तर २ प्रयत्न पुरतात. फासे नसले तरी ० ते ९ च्या चिठ्ठ्यांचे दोन संच चालतात.

आम्ही आणखी दोन गोष्टी सुचवतो. आधी प्रत्येकाला 'तू काय करणार?' विचारावे, मग सर्वांनी एकदम चिठ्ठ्या काढाव्यात. तीन फेऱ्यांनंतर झटापट संपवावी.

मात्र ती पळणाऱ्या भोंदूशीच असावी. भानामतीमागे बहुधा घरातलेच दुखावलेले माणूस निघते, त्याच्याशी बोलायचे असते. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. खेळातही मारून जिंकता येऊ नये.