गाडी उभी, मीटर बंद

गेल्या पावसाळ्यात रावेर तालुक्यातल्या एका बागेवर करप्याची पाहणी करायला गेलो होतो. सकाळचे सात वाजले असतील. शिवाररस्त्याच्या तोंडाशी एक दहाचाकी ट्रक रिकामा उभा. केळी दिल्लीला, आझादपूर मंडीत जायची होती. पाहणी आटोपून, पुढची दोन गावे करून संध्याकाळी पाचला त्याच रस्त्याने परतलो, तर ट्रक तिथेच! जेमतेम निम्मा भरलेला. कापणीची टोळी दहाला आली, अकराला पाऊस आला, मग ट्रॉली चिखलात रुतली. ड्रायव्हर टायरला टेकून बसला होता. म्हटले, "दादा, आजचा दिवस गेला की तुमचा." तर म्हणतो कसा, "साहेब, दिवस आमचा कुठला? गाडी हलली की आमचा मीटर चालू. उभी राहिली की बंद."

हे वाक्य डोक्यातून गेले नाही. आपल्या मालाचे भाडे किती, यावर आपण बांधावर तासभर घासाघीस करतो. त्या भाड्यातून स्टिअरिंगवर बसणाऱ्याला काय मिळते, हे मात्र कोणी विचारत नाही. खरे सांगायचे तर मीही कधी विचारले नव्हते.

लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला कुठे महिन्याचा पगार आणि वर भत्ता असतो, तर कुठे खेपेवर पैसे ठरतात. खेपेचा हिशेब वरवर बरा दिसतो. समजा, दिल्लीच्या एका खेपेचे पाच हजार ठरले. रावेर ते दिल्ली हजार-अकराशे किलोमीटर. बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, ग्वाल्हेर असे करत प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तीस तास धरू. म्हणजे तासाला एकशे सहासष्ट रुपये. वाईट नाही, असे कोणीही म्हणेल. आता त्यात आपल्या बांधावरचे चौदा तास मिळवा. दिल्लीत दिवसा जड वाहनांना बंदी, मग मंडीत नंबर, मग हमालांची वाट, त्याचे बारा तास धरा. परतीचा माल मिळेपर्यंत एक दिवस म्हणजे आणखी चोवीस. झाले ऐंशी तास. तेच पाच हजार आता तासाला साडेबासष्ट रुपयांवर आले! आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, कोणी आपल्या खेपेचे घालून पाहावेत. आणि या थांबलेल्या वेळेत त्याला घरी जाता येत नाही, गाडी सोडून झोपता येत नाही. डिझेल चोरीला जाते, ताडपत्री जाते, त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तास कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर असे सगळे लिहिलेले होते. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेरच. पुढे हा कायदा २०२० च्या संहितेत विलीन झाला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिच्यात पाचाचे दहा झाले. म्हणजे कुंपणाबाहेरचे आणखी वाढले. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागलेल्या आपण पाहिल्या. तो संप अपघातानंतर पळून जाण्याच्या शिक्षेवरून होता. तासांची चर्चा तेव्हाही फारशी झाली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ही गोष्ट चांगलीच. फक्त गाडी दिवसभर बांधावर उभी असताना तो चालवायला डिझेल कोण देणार, एवढाच प्रश्न!

शेतकरी बंधूंना हे दुखणे नवे वाटू नये. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी धरावी म्हणून आपणच वर्षानुवर्षे भांडलो ना? शेतात घातलेल्या आपल्या वेळेला मोल आहे, मग आपल्या बांधावर गेलेल्या दुसऱ्याच्या वेळेला का नाही?

यात आपलेही नुकसान आहे. कापलेली हिरवी केळी जिवंत असते, ती श्वास घेते, उष्णता सोडते. ताडपत्रीखाली उभ्या ट्रकात ती उष्णता कोंडते आणि पिकण्याची क्रिया वेळेआधी सुरू होते. त्यात संध्याकाळी सातला निघायची गाडी रात्री एकला निघाली, की ड्रायव्हर तो वेळ रस्त्यावर भरून काढणार. खड्ड्यात गाडी आदळली की फण्या घासतात. हिरव्या सालीवर ते दिसत नाही, पिकल्यावर काळे डाग पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. न झोपलेल्या माणसाच्या हाती पंधरा टन माल आणि त्याचा स्वतःचा जीव असतो, ते वेगळेच.

उपाय फार मोठे नाहीत. टोळी बागेत आल्याशिवाय गाडी बोलावू नये. गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, हे बिल्टीवर लिहून दोघांनी सही करावी. ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला तर हॉल्टिंग द्यावे, आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा किती हे गाडी ठरवतानाच बोलून घ्यावे, नाहीतर ते सगळे मालकाच्या खिशात जाते. भाडे वाढेल, असे काही बागायतदार म्हणतील. थोडे वाढेलही. पण वाट पाहण्याचे पैसे लागू लागले की वाट पाहणेच कमी होते, असा माझा अंदाज आहे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी वजनकाट्याजवळ एक नळ, एक दिवा आणि वापरण्याजोगे शौचालय एवढे जरी पाहिले, तरी पुष्कळ होईल.

त्या बागेच्या मालकाशी या विषयावर बोललो, तेव्हा ते जरा रागावलेच. "भाऊसाहेब, पाऊस काय मी पाडला?" म्हणाले. त्यांचेही खोटे नव्हते. परवा पुन्हा कापणी होती म्हणून सहज फोन केला. टोळी आठला लागली होती, गाडी अकराला बोलावली होती. साडेपाचला ती बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागली.