सैल प्रथिन म्हणजे बिघडलेले प्रथिन नव्हे

प्रथिनांचा धडा आपण साधारण असा शिकतो: अमिनो आम्लांच्या साखळीला घडी पडते, तिला ठरावीक आकार येतो आणि त्या आकारावर तिचे काम ठरते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये दिलेली कुलूप-किल्लीची उपमा डोक्यात इतकी पक्की बसली आहे, की ज्याला आकार नाही ते प्रथिन बिघडलेले, असे सहज मानले जाते.

हा समज चुकीचा आहे. माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रथिनांत असे लांब पट्टे असतात, ज्यांना स्वतःची कायमची घडीच नसते. कर्करोगापासून पेशीला जपणारे पी-५३ घ्या. ३९३ अमिनो आम्लांच्या या साखळीचे सुरुवातीचे टोक सैल असते. एमडीएम-२ हे प्रथिन भेटले, की त्या टोकातला छोटा तुकडा सर्पिल होऊन त्याच्या खाचेत बसतो. हेच टोक इतर प्रथिनांशीही जुळते, आणि ते जमते या सैलपणामुळेच.

सैलपणामुळेच पार्किन्सन होतो, असेही म्हटले जाते. या आजाराशी जोडलेले अल्फा-सिन्युक्लीन हे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन निरोगी चेतापेशीतही असते आणि पाण्यात सैलच असते. आजारात त्याचे तंतू बनून साचतात, आणि त्या तंतूंची रचना मात्र नीटस, पुन्हापुन्हा तीच येणारी असते. म्हणजे इथे ठाशीव आकार आजाराच्या बाजूला सापडतो!

मग हे सैल भाग इतकी वर्षे नजरेतून सुटले कसे? क्ष-किरणांनी रचना काढायला स्फटिक लागतात, आणि सैल भाग स्फटिकातही एका जागी ठरत नाही. नकाशात तिथे रिकामी जागा उरते. ही उणीव एनएमआरने, म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने, भरून काढली. नावातल्या ‘अणुकेंद्रीय’ शब्दाने घाबरायचे कारण नाही. किरणोत्सर्गाशी त्याचा संबंध नाही. रुग्णालयातले एमआरआय याच तत्त्वावर चालते. तिथले चुंबक बहुधा १.५ टेस्लाचे असते, तर ८०० मेगाहर्ट्झच्या एनएमआर यंत्राचे १८.८ टेस्लाचे.

प्रयोगासाठी जिवाणूंना नायट्रोजन-१५ असलेल्या अमोनियम क्षारावर वाढवतात आणि त्यांच्याकडून प्रथिन बनवून घेतात. ते शुद्ध करून काचेच्या बारीक नळीत भरले, की वर्णपटावर जवळजवळ प्रत्येक अमिनो आम्लाचा एकेक ठिपका उमटतो. प्रोलीनचा उमटत नाही, कारण साखळीत जोडल्यावर त्याच्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरत नाही. घडीच्या प्रथिनाचे ठिपके दूरवर पसरतात. सैल प्रथिनाचे मात्र हायड्रोजनच्या अक्षावर साधारण ७.८ ते ८.६ पीपीएमच्या पट्ट्यात दाटी करतात. ही दाटी म्हणजे नमुना वाया गेला, असे समजू नये. सैलपणाची तीच पहिली खूण. शेजारच्या अणूंनुसार संकेताची, म्हणजे ठिपक्याची, जागा सरकते, म्हणून हे ठिपके वाचता येतात. १९५१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलच्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले होते. त्यातल्या एस. एस. धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचे काम उभे केले.

एनएमआर सैल प्रथिनाचा फोटो काढत नाही. नळीतल्या असंख्य रेणूंची सरासरी त्यातून मिळते, म्हणून उत्तर एका आकाराचे नसते, अनेक आकारांच्या समूहाचे असते.

‘नळीत सैल असलेल्या प्रथिनाला पेशीतल्या गर्दीत घडी पडतच असेल’ ही शंकाही रास्त होती. २०१६ मध्ये नायट्रोजन-१५ची खूण असलेले अल्फा-सिन्युक्लीन सस्तन प्राण्यांच्या जिवंत पेशींत घालून एनएमआरने पाहिले गेले. तिथेही ते सैलच राहिले.

आता अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रणालीने सगळ्या रचना सुटल्या, असे ऐकू येते. त्याच्या चित्रात कमी खात्रीचा, नारिंगी रंगाचा लांब दोरा दिसला, तर ती रचना मानून त्यावर निष्कर्ष बांधू नका. तो भाग बहुधा सैल असतो, आणि त्याचे वागणे प्रयोगानेच तपासावे लागते.