खाड्यांच्या बळावर वाढलेले आरमार

मराठ्यांच्या आरमाराचा जन्म खाडीत झाला. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि दोन वर्षांतच तिथे लढाऊ गलबते बांधण्याचे काम सुरू झाले. सुरुवातीला रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसे कामावर होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना याचा सुगावा लागताच त्यांनी ती माणसे परत बोलावून घेतली. काम मात्र थांबले नाही. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि पुढच्याच वर्षी हे आरमार दूर दक्षिणेत बसरूरपर्यंत जाऊन आले. दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी हे त्याचे नामांकित सरदार. वल्ही आणि शिडे सांभाळणारे बहुतेक कोळी, भंडारी, दालदी अशा किनाऱ्यावरच्याच जातींचे होते.

या आरमाराचे मुख्य बळ गुराब आणि गलबत या दोन प्रकारच्या जहाजांत होते. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिच्या नाळेवरच्या तोफा थेट समोर मारा करीत. गलबत लहान, चपळ आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत, शत्रूच्या जहाजाला मागच्या बाजूने गाठीत आणि शेवटी माणसे त्यावर चढवीत. या जहाजांना पाणी थोडे लागे. त्यामुळे इंग्रजांची जड जहाजे जिथे रुततील, तिथे ती सहज शिरत.

याचा प्रत्यय १६७९ मध्ये आला. मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर मायनाक भंडाऱ्याने तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाने हल्ला करून त्यांचे ‘डव्ह’ जहाज पकडले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजापुढे मात्र मराठ्यांना माघार घ्यावी लागली, तेव्हा आरमार नागोठण्याच्या खाडीत शिरले. नागोठण्यावरून येणारी ही अंबा नदी पुढे पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी होते. वेढा चालू असतानाही खांदेरीला रसद मिळत राहिली आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून वेढा उठवला.

आरमाराला किनाऱ्यामागचा मुलुख हवा असतो, हे कान्होजी आंग्रे यांच्या काळात अधिक स्पष्ट दिसते. जहाजांना सागवान लागते, खलाशांना भात आणि मीठ लागते. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की जहाजे ओढून ठेवायला किल्ल्याच्या आश्रयाची जागाही लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त या गोष्टींचा बारकाईने विचार केलेला आहे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना छत्रपती शाहूंच्या पक्षात आणले आणि त्यांना सरखेलपद म्हणजे आरमारप्रमुखपद व किल्ले देण्यात आले. त्या किल्ल्यांत खांदेरी, कुलाबा, विजयदुर्ग ही जलदुर्गांची नावे आहेत, तशीच रोह्याजवळचा अवचितगड आणि पेणजवळचा मिरगड हीही आहेत. अवचितगड कुंडलिकेवर नजर ठेवतो. त्या नदीच्या मुखाशी रेवदंड्यात १७४० पर्यंत पोर्तुगीज ठाण मांडून होते, म्हणून हा डोंगरी किल्ला सरखेलांकडे असणे फार महत्त्वाचे होते.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. तेव्हा पेशवे बाजीराव फौज घेऊन धावून आले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि मोहीम फसली. आरमार आणि घोडदळ एकत्र उभे राहिले तर काय होते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि मुलांत भाऊबंदकी माजली. १७५६ च्या फेब्रुवारीत त्या मुलांपैकी तुळाजी आंग्रे यांना नमवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची जहाजे जळाली. मराठी सत्तेच्या इतिहासातली ही सर्वांत महागात पडलेली चूक म्हणावी लागेल. पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार नेटाने चालवले, पण समुद्रावरचा पहिला दरारा परत आला नाही. १८४० मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा केले.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतल्या आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत खांदेरीही आहे. अवचितगड आणि मिरगड त्या यादीत नाहीत. खांदेरी पाहायला जाणाऱ्यांनी हे दोन गडही चढून पाहावेत.