शाळेचा पट ६० असो की ३०००, ड्रॉ एकच! शालेय स्पर्धांचे गट नेमके ठरतात कसे?

जुलै-ऑगस्ट उजाडला की पिंपरी-चिंचवडमधल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्रॉचे पीडीएफ फिरायला लागतात. कबड्डी, १७ वर्षांखालील मुलं, बाद पद्धत. आपल्या शाळेचं नाव सापडेपर्यंत झूम करायचं आणि मग समोर कोण आलंय ते बघायचं. दरवर्षी कुणीतरी पालक हमखास विचारतो, "आमच्या शाळेत दहावीचा एकच वर्ग. त्यांच्याकडे अ पासून फ पर्यंत तुकड्या. हे दोघं एकाच गटात कसे?"

याचं उत्तर असं की आपल्याकडे गट पाडताना शाळेचा पट बघितलाच जात नाही. मुलगा की मुलगी, वय किती आणि शाळा कुठल्या हद्दीत येते, एवढंच बघतात.

अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथे हायस्कूलचा संघ कुणाशी खेळणार हे मुख्यतः शाळेत किती मुलं शिकतात यावरून ठरतं. मग आपलं बरोबर की त्यांचं? त्याआधी आपली पद्धत नीट समजून घेऊ, कारण दरवर्षी खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनाही ती पूर्ण माहीत असतेच असं नाही.

आधी वय

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. वरची राष्ट्रीय पायरी असते स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाची, म्हणजे एसजीएफआयची. गट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय मोजायची तारीख ३१ डिसेंबर. उदाहरणार्थ २०२३-२४ च्या हंगामात १४ वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता.

या तारखेमुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा गटात सगळ्यात मोठा ठरतो आणि डिसेंबरचा सगळ्यात लहान. तेरा-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांत उंची किती वाढते हे घरात मुलं असलेल्यांना सांगायला नको. (आपल्या आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून असायचा, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिलेली असायची. तेव्हा असे वयोगट पाडले असते तर मोठीच गंमत झाली असती.)

काही खेळांत वयासोबत वजनही बघतात. कुस्तीत तर ते आहेच. कबड्डी संघटनेच्या किशोर गटातही १६ वर्षांखालील वयाबरोबर ५५ किलोंची मर्यादा असते. म्हणजे थोराड मुलासमोर किरकोळ मुलगा उभा करू नये, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. शाळांच्या बाबतीत मात्र तो कुणी केला नाही.

मग हद्द

शालेय स्पर्धांची पायरी अशी: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. महसुली विभाग सहा असले तरी क्रीडा विभाग आठ आहेत. महानगरपालिकेला इथे स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळतो. त्यामुळे चिंचवडच्या शाळेला तालुका पातळीच नाही. ती थेट 'पिंपरी-चिंचवड मनपा' जिल्ह्यात खेळते.

आता नाशिक रस्त्याने मोशीला या. इंद्रायणीच्या अलीकडची मोशी महापालिकेत. पूल ओलांडला की चिंबळी, कुरुळी आणि पुढे चाकण, हे सगळं खेड तालुक्यात. दोन्ही काठांवरच्या मुलांचे आईवडील कदाचित एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला असतील. पण मुलं खेळणार वेगवेगळ्या जिल्ह्यांत. कुरुळीचा संघ आधी खेड तालुका जिंकेल, मग पुणे ग्रामीण जिल्हा. मोशीचा संघ मनपा जिंकेल. त्यांची गाठ पडलीच तर विभागीय स्पर्धेत, नदीपासून कुठेतरी लांब.

यात एक उलटी विषमताही आहे. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांच्या वर होती आणि अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची साडेआठ लाखांच्या आसपास. सांघिक खेळात विभागाला जाताना दोघेही 'एक जिल्हा' म्हणून एकच संघ पाठवतात. म्हणजे पट बघत नाहीत म्हणून छोट्या शाळेचं नुकसान होतं आणि लोकसंख्या बघत नाहीत म्हणून मोठ्या शहराचं. चिंचवडमधली छोटी शाळा दोन्हीकडून सापडते.

पटाने नक्की किती फरक पडतो?

कागद-पेन घ्या. १७ वर्षांखालील मुलांचा संघ साधारण आठवी ते दहावीतून निवडतात. एका शाळेत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, तुकडीत ४० मुलं-मुली. तीन इयत्ता मिळून १२०, त्यातले मुलगे ६०. कबड्डीचा संघ १२ जणांचा. म्हणजे दर पाच मुलांमागे एक निवडायचा. दुसऱ्या शाळेत सहा तुकड्या. मुलगे झाले ३६०, आणि निवड दर तिसांतून एकाची.

पाचांतून एक निवडताना "येतोस का रे, एक जण कमी पडतोय" असं म्हणावं लागतं. तिसांतून एक निवडताना चाचणी घेता येते. शिवाय पहिल्या शाळेत तीच बारा मुलं खो-खोतही असतात, व्हॉलीबॉललाही आणि १५ ऑगस्टच्या संचलनातही. एकाचा गुडघा दुखावला की चार संघ लंगडे होतात.

गंमत म्हणजे बाकी सगळीकडे आपली यंत्रणा पटावरच चालते. संचमान्यतेत शिक्षकांची पदं पटावरून ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला १०० हून जास्त मुलं असतील तर कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायची तरतूद आहे. पट शंभराच्या आत असेल तर ती लागू होत नाही. म्हणजे पटामुळे शाळेला पीटीचे सर मिळत नाहीत, पण ड्रॉ काढताना मात्र पट कुणी विचारत नाही. मला या सगळ्यात सर्वात जास्त खटकतं ते हेच.

अमेरिकेत काय करतात?

तिथे हा कारभार राज्याराज्यांच्या शालेय क्रीडा संघटना बघतात. टेक्सासमध्ये शाळांचे १ए ते ६ए असे सहा वर्ग आहेत. नववी ते बारावीच्या पटावरून वर्ग ठरतो आणि दर दोन वर्षांनी फेरमांडणी होते. सर्वात खालच्या वर्गात साधारण १०५ पेक्षा कमी मुलांच्या शाळा, सर्वात वरच्या वर्गात २२०० हून जास्त मुलांच्या. खालच्या वर्गातल्या कितीतरी शाळा अकराऐवजी सहा जणांचं अमेरिकन फुटबॉल खेळतात, कारण अकरा मुलं आणायची कुठून? काही राज्यांत दोन छोट्या शाळांना मिळून एक संघ उतरवता येतो. आपल्याकडे संघ एकाच शाळेचा असावा लागतो.

पण तिथेही सगळे खूश नाहीत. इंडियाना राज्यात बास्केटबॉलला वर्ग नव्हते, लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत. १९५४ साली अवघ्या १६१ मुलांच्या मायलन हायस्कूलने अंतिम सामन्यात जवळजवळ दहापट मोठ्या मन्सी सेंट्रलला ३२-३० असं हरवलं. शेवटचा बास्केट बॉबी प्लम्प या मुलाचा. त्यावरूनच १९८६ चा 'हूजियर्स' सिनेमा निघाला. १९९७-९८ च्या हंगामापासून इंडियानाने चार वर्ग केले, तेव्हा प्लम्प यांचाच त्याला विरोध होता. सगळ्यांना वेगवेगळे चषक दिले तर पुन्हा मायलन घडणार कसं, असा हा वाद आहे. बाजू घेणं सोपं नाही. मायलनचा विजय सगळ्यांना आठवतो, पण तिथल्याच किती छोट्या शाळा दरवर्षी पहिल्या फेरीत गारद व्हायच्या, त्यांच्यावर सिनेमा निघत नाही.

पटाला न दिसणारं

समजा उद्या महाराष्ट्रात पटावर गट पाडले. भोसरीच्या इंद्रायणीनगरात महापालिकेचं क्रीडा प्रबोधिनी विद्यालय आहे. मुलं मोजकी, पण खेळासाठीच निवडून घेतलेली. नुसता पट बघितला तर अशी शाळा छोट्या शाळांच्या गटात पडेल आणि सगळ्यांना धुऊन काढेल.

क्रिकेटमध्ये तर हे जुनंच आहे. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो शारदाश्रममध्ये गेला. तिथेच विनोद कांबळी होता, आणि १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये दोघांची ६६४ धावांची भागीदारी झाली. विरारचा पृथ्वी शॉ वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्डकडून खेळला आणि २०१३ मध्ये त्याने ५४६ धावा केल्या. चांगला खेळाडू चांगल्या प्रशिक्षकाच्या शाळेकडे जातो. हजेरीपटावर एकच नाव वाढतं, पण संघ पार बदलून जातो.

याच्या उलटही होतं. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला १५ वर्षांच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा काढल्या, जगभर बातमी झाली. त्याच्या संघाच्या ३ बाद १४६५ धावा, समोरच्या शाळेच्या दोन डावांत ३१ आणि ५२. परीक्षेच्या तयारीमुळे समोरच्या शाळेची मुख्य मुलं खेळलीच नव्हती आणि बरीच लहान मुलं उतरवली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. पट कितीही असो, दहावीची मुलं घरी बसवली की संघ संपला.

अमेरिकेतल्या संघटनांनाही हे कळलंय. इलिनॉयमध्ये ज्या शाळांना प्रवेशासाठी हद्दीचं बंधन नाही, त्यांचा पट १.६५ ने गुणून वर्ग ठरवायचा नियम आला. इंडियानाने २०१२ मध्ये ठरवलं की सतत जिंकणाऱ्या शाळेला पट न वाढताही वरच्या वर्गात ढकलायचं.

मग आपल्याकडे काय करता येईल?

चषकाचे चार तुकडे करावेत असं मला वाटत नाही. जिल्ह्याचा विजेता एकच असलेला बरा, कारण पुढे एसजीएफआयपर्यंत तीच साखळी आहे आणि दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुणही तिच्याशी बांधलेले आहेत. जितका वरचा स्तर तितके गुण जास्त, कमाल २५. गटच चार केले तर 'जिल्हास्तर विजेता' कुणाला म्हणायचं यावरून पहिल्याच वर्षी अर्जांचा ढीग लागेल.

खरं दुखणं पहिल्या फेरीत आहे. बाद पद्धतीत चिठ्ठी वाईट निघाली तर छोट्या शाळेचा मोसम पंचवीस-तीस मिनिटांत संपतो. वर्षभर सकाळी साडेसहाला येणारी मुलं एकच सामना खेळतात, तोही तीस गुणांनी हरतात. पुढच्या वर्षी त्यातली निम्मी येत नाहीत. अमेरिकन पद्धतीतून घ्यायचंच तर चषकांची वाटणी नको, तोडीस तोड असे जास्त सामने घ्यावेत. पहिल्या टप्प्यात ठरावीक पटाखालच्या शाळांचे साखळी सामने आपसात व्हावेत, त्यातले विजेते मुख्य ड्रॉमध्ये यावेत. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील.

अडचण मैदानांची आणि दिवसांची आहे, ती खोटी नाही. साखळीत सामने वाढतात, पंच जास्त लागतात, पावसाळ्यात मैदान चिखल होतं आणि ऑक्टोबरच्या आसपास सत्र परीक्षा असते. शाळांनी मुलं सोडलीही पाहिजेत. आकडे मात्र गोळा करावे लागणार नाहीत. प्रत्येक शाळेचा इयत्तावार पट दरवर्षी यू-डायसवर भरला जातोच.

तोवर ड्रॉचा पीडीएफ आला की दोन गोष्टी तपासून घ्या. आपल्या मुलाची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि जन्मदाखल्यावर एकच आहे ना, आणि शाळेची नोंद बरोबर हद्दीत झाली आहे ना. मोशी-चिखलीच्या पट्ट्यात हे दुसरं आवर्जून बघा.