अचलपूर : तेथील जुनीं स्थळें व झाडी

सहलीस कोठें जावयाचें असा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें मुंबई, वेरूळ, आग्रा हीं नांवें घेतात. दर्यापुराहून अंजनगांवच्या वाटेनें निघालें असतां जेथें जाऊन त्याच दिवशीं परत येतां येतें, व जें एके काळीं साऱ्या वऱ्हाडाची राजधानी होतें, त्या अचलपुराचें नांव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात, तशांतलाच हा प्रकार. पूर्वीं मूर्तिजापुराहून दर्यापूर, अंजनगांव असें करीत अचलपुरास जाणारी अरुंद रुळांची गाडी होती. लोक तिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणत. ती बंद पडल्याला कांहीं वर्षें झालीं, त्यामुळें आतां मोटारीनेंच जावें लागतें. या लेखांत आम्ही वाचकांस त्या नगरांत हिंडवून आणणार आहों.

प्रथम जमिनीकडे पाहूं. कारण तिच्यावांचून पुढील गोष्ट उमगणार नाहीं. आपला दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत मोडतो. येथील काळी जमीन कापसास व तुरीस चांगली, परंतु विहिरींचें पाणी खारें. तें पिववत नाहीं व त्यावर फळबाग वाढत नाहीं. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याकडे जाऊं लागावें, तसतसा पालट दिसतो. डोंगरावरून वाहून आलेल्या वाळूगोट्यांच्या थरांत पावसाचें पाणी मुरतें आणि विहिरीस गोडें पाणी लागतें. अंजनगांवचे पानमळे याच पाण्यावर पोसले. पुढें अचलपूर व चांदूर बाजार या बाजूस संत्र्यांच्या बागा लागतात. मागें एका सहलींत आमच्या बरोबरच्या एका लहान मुलानें तेथील विहिरीचें पाणी ओंजळीनें पिऊन विचारलें, "गुरुजी, याच्यांत साखर टाकली काय?" सगळे हसले, पण खारपाण पट्ट्यांतील मुलाचा तो प्रश्न अगदीं खरा होता.

अशा गोड्या पाण्याच्या जागीं, सापन व बिच्छन या नद्यांच्या काठीं, हें नगर वसलें. त्याचें नांव फार जुनें आहे. बाराव्या शतकांतील जैन पंडित हेमचंद्र यानें आपल्या प्राकृत व्याकरणांत या नांवासाठीं स्वतंत्र नियमच दिला आहे : 'अचलपूर' या शब्दांत च व ल यांची अदलाबदल होते व 'अलचपूर' असें रूप बनतें. मुसलमानी अमदानींत रूढ झालेलें एलिचपूर हें नांव यावरून सहज समजतें. ईल नांवाच्या राजावरून तें पडलें अशीहि एक लोककथा आहे. इ. स. १२९६ त देवगिरीवर चालून जातांना अल्लाउद्दीन खिलजी येथें थांबला होता. पुढें बहमनी राज्य मोडलें तेव्हां फत्तेउल्ला इमादुल्मुल्क यानें इ. स. १४९० च्या सुमारास इमादशाही स्थापिली, व १५७४ पर्यंत वऱ्हाडचा कारभार या घराण्याच्या हातीं होता.

आतां स्थळें पाहूं. नगराच्या जुन्या तटाच्या वेशींपैकीं दुल्हा दरवाजा सर्वांत प्रसिद्ध आहे. दुल्हा रहमानशहा यांच्या दर्ग्यास सर्व धर्मांचे लोक श्रद्धेनें जातात. शहराबाहेर हौज कटोरा म्हणून एक विलक्षण इमारत आहे. तलावाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, व त्याचे तीन मजले अद्याप उभे. भोंवतीं पाणी भरलेलें आहे, कमानींतून गार वारा येत आहे, अशी कल्पना करावी म्हणजे वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तो कां बांधला हें सांगावें लागत नाहीं. मुळांत आणखी मजले होते, ते उतरवून दगड दुसऱ्या कामास नेले, असें म्हणतात.

परतवाड्याहून घाट चढून गेलें असतां चिखलदऱ्याजवळ गाविलगड लागतो. अहमदशहा बहमनी यानें तो इ. स. १४२५ च्या सुमारास बांधला. त्याच्या दरवाजावर सिंह व दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेले आहेत. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनें हा किल्ला घेतला, व पंधरा दिवसांनीं, ३० डिसेंबरला, आपल्या वाटेवरील सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांशीं तह झाला. पुढें १८१५ त वॉटर्लू येथें नेपोलियनचा पराभव करणारा सेनापति तो हाच.

संत्र्याच्या बागांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. माळी कांहीं दिवस झाडाचें पाणी तोडतो, यास 'ताण देणें' म्हणतात. मग पाणी मिळतांच झाड फुलतें. हिवाळ्याच्या अखेरीस फुलतो तो आंबिया बहार, पावसाच्या आरंभीं फुलतो तो मृग बहार. वर सुमारें ३६०० फूट उंचीवर चिखलदऱ्यास कॉफी होते, आणि पलीकडे मेळघाटचें सागवान रान पसरलें आहे. १९७३-७४ मध्यें त्या रानांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला.

येथें एका दूरच्या शहराची आठवण होते. पोलंड देशांत क्राकोव्ह म्हणून जुनी राजधानी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तिचा मोडकळीस आलेला तट पाडावयाचें ठरलें. तेव्हां राडवान्स्की नांवाच्या एका प्राध्यापकानें खटपट करून एक मुख्य वेस व तिच्या पुढील बुरूज वांचविले. तटाच्या व खंदकाच्या उरलेल्या जागीं १८२२ ते १८३० या काळांत झाडें लावलीं. आज जुन्या शहराभोंवतीं सुमारें चार किलोमीटरांचें हिरवें कडें आहे, व त्यांत ती वेसहि उभी आहे. एका शिक्षकाच्या हट्टानें केवढें काम झालें!

आपणांकडे काय चाललें आहे? जुन्या भिंतींवर कोळशानें व खिळ्यानें नांवें लिहिलेलीं आम्हीं स्वतः पाहिलीं, आणि त्यांत शाळकरी मुलांचीं नांवें होतीं हें लिहितांना लाज वाटते. पाण्याचें दुःख त्याहून मोठें आहे. संत्र्याच्या पट्ट्यांत बागा वाढल्या, यंत्रांनीं उपसा वाढला, आणि पाणी वर्षानुवर्षें खोल गेलें. आटलेल्या विहिरीशेजारीं वाळलेली बाग ज्यानें पाहिली, त्यास राजधानी ओस कशी पडते हें निराळें शिकवावयास नको.

म्हणून पुढील सहलीपूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें दोन गोष्टी कराव्या. घरांतील आजोबांस अथवा आजीस विचारावें कीं, त्यांच्या लहानपणीं गांवच्या विहिरीस किती हातांवर पाणी लागत असे व आज किती हातांवर लागतें. तें वहींत टिपून आणावें. आणि हौज कटोऱ्याच्या दगडास हात लावावा, पण खिळा लावूं नये. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, या सहलीस त्यांनीं मुलांबरोबर अवश्य यावें.