गोठा, गोठी आणि गोष्ट

निवासी शाळेत पहिल्यांदा राहायला आलेल्या खेड्यातील मुलाला "घरी कोण कोण आहे?" असे विचारले, की आई, वडील, आजी यांच्या पाठोपाठ तो गाय, म्हैस, बैलजोडी यांचीही नावे सांगतो. त्याच्या मनात घर आणि गोठा अशा दोन निराळ्या जागा नसतात. याच मुलाला पुढे एखादे उत्तर आले नाही, की कोणीतरी सुनावते, "जा, गुरे राख!" खोलीत पसारा दिसला, की "ही खोली आहे की गुरांचा गोठा?" असे विचारले जाते. हळूहळू त्याला गोठा या शब्दाची लाज वाटू लागते आणि शब्दाबरोबर तिथे राबणाऱ्या आईवडिलांचीही. ही लाज किती अनाठायी आहे, हे त्या शब्दाचा इतिहासच सांगतो.

'गोठा' या शब्दाचे मूळ संस्कृत 'गोष्ठ' हे आहे. 'गो' म्हणजे गाय किंवा बैल आणि 'स्थ' म्हणजे उभे राहण्याची, थांबण्याची जागा. गुरे जिथे थांबतात ते गोष्ठ. हा शब्द ऋग्वेदात आढळतो. पाली भाषेत त्याचे रूप 'गोट्ठ' असे झाले. मज्झिमनिकायातील महासीहनाद सुत्तात भगवान बुद्ध आपल्या पूर्वीच्या खडतर तपश्चर्येचे वर्णन सारिपुत्ताला सांगतात. गुरे आणि गुराखी निघून गेल्यावर ओस पडलेल्या गोठ्यांकडे आपण जात असू, असे ते म्हणतात, आणि तिथे हाच 'गोट्ठ' शब्द येतो. पालीप्रमाणेच प्राकृतातही 'ष्ठ'चा 'ट्ठ' होतो आणि मराठीत त्याचा नुसता 'ठ' उरतो. 'ओष्ठ'चा 'ओट्ठ' आणि त्याचा 'ओठ', 'कोष्ठ'चा 'कोट्ठ' आणि त्याचा 'कोठा', तसाच 'गोष्ठ'चा 'गोट्ठ' आणि त्याचा 'गोठा'. विदर्भात गुरांच्या जागेला 'कोठा' म्हणतात, तो यातलाच दुसरा शब्द.

शब्द फार वापरात आला, की त्याचा मूळ अर्थ झिजतो. 'गोष्ठ' या शब्दातच गाय आहे, तरी पुढे तो कोणत्याही जनावराच्या जागेला लावला जाऊ लागला. संस्कृत व्याकरणकारांनी 'महिषीगोष्ठ', म्हणजे म्हशींचा गोठा, असा शब्द नोंदवला आहे. त्याहून गमतीचा शब्द म्हणजे 'गोगोष्ठ'. त्यात गाय दोनदा आली. आज आपणही 'गाईचा गोठा' असे सहज म्हणतो, तेव्हा नकळत तेच करतो. घोड्यांच्या 'तबेल्या'चेही असेच झाले. त्याचे मूळ अरबीत आहे आणि तिथे त्याचा संबंध घोडे ओळीने बांधण्याच्या लांब दोराशी आहे. दोरावरून जागेला नाव पडले आणि मुंबईत म्हशींच्या जागाही तबेले झाल्या.

आता या शब्दाच्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा. जिथे गुरे एकत्र येतात, तिथे गुराखीही एकत्र येतात, बसतात, बोलतात. 'गोष्ठ' या शब्दापासून 'गोष्ठी' हा शब्द तयार झाला आणि त्याचा अर्थ झाला सभा, मंडळी, मंडळींतले संभाषण. हिंदीतील 'संगोष्ठी', म्हणजे परिसंवाद, हा त्याच घराण्यातला शब्द. प्राचीन काळी एखाद्या कामासाठी एकत्र आलेल्या लोकांच्या मंडळालाही 'गोठी' म्हणत. सांची येथील स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत व्यक्तींच्या बरोबरीने अशा गोठीचाही उल्लेख आहे. आंध्र प्रदेशातील भट्टिप्रोलू येथील स्तूपात धातुकरंडक सापडले, त्यांवरील ब्राह्मी लेखांतही गोठी आणि तिच्या सभासदांची नावे कोरलेली आहेत. स्तूप राजांनीच उभारले असे नाही. चार माणसांनी एकत्र येऊन, आपापला वाटा घालूनही ते उभे राहिले, आणि त्या एकत्र येण्याला लोकांनी जे नाव दिले, त्याचे मूळ गोठ्यात होते.

मराठीत हाच 'गोठी' शब्द ज्ञानेश्वरीत बोलणे, वार्ता या अर्थाने येतो. आजचे त्याचे रूप 'गोष्ट'. "गोष्ट सांग ना" म्हणून आजीमागे लागणारे पोर, "एक गोष्ट लक्षात ठेव" म्हणणारे वडील आणि "सुखदुःखाच्या चार गोष्टी" बोलणाऱ्या शेजारणी, हे सगळे त्या जुन्या गोठ्याचेच वारसदार आहेत. गोठा आणि गोष्ट ही एकाच घरातली भावंडे आहेत. एक गावात राहिले, दुसरे पुस्तकात गेले, एवढाच काय तो फरक.

गोठ्याने मराठीला शब्द दिले, तसेच वाक्प्रचार आणि म्हणीही दिल्या. गुरे ओळीने बांधायची ती दावण. त्यावरून दुसऱ्याच्या ताब्यात जाणे म्हणजे 'दावणीला बांधले जाणे'. जमिनीत रोवलेला खुंटा पक्का बसला की नाही, हे हलवून पाहतात. त्यावरून आधीच ठरलेली गोष्ट पुन्हा विचारून पक्की करणे म्हणजे 'खुंटा हलवून बळकट करणे'. ओढाळ, म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, ते लोढणे. त्यावरून नकोशी जबाबदारी 'गळ्यातले लोढणे' झाली. 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' ही म्हण तर धार काढताना लाथ खाल्लेल्या माणसालाच सुचू शकते.

एका म्हणीचा मात्र बहुतेकांना अर्धाच अर्थ ठाऊक असतो. 'बैल गेला आणि झोपा केला.' शहरातील मुलांना वाटते, की बैल हरवला आणि मालक झोपी गेला. पण येथील 'झोपा' म्हणजे झोप नव्हे. गोठ्याच्या तोंडाशी लावायचे कुडाचे, काट्याकुट्यांचे दार म्हणजे झोपा. बैल गेल्यावर दार करून काय उपयोग, असा तिचा अर्थ. ज्याने झोपा पाहिला आहे, त्याला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. ज्याने पाहिला नाही, त्याला शब्दकोश उघडावा लागतो. गुरे राखलेल्या मुलाचे ज्ञान येथे वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त असते.

असे असले, तरी गोठ्याच्या इतिहासातील एक पान आपल्याला वगळता येणार नाही. जनावर जिवंत असेपर्यंत ते मालकाच्या दावणीला असे. मेले, की ते ओढून नेण्याचे काम गावाने अस्पृश्य ठरवलेल्यांवर लादलेले होते. दूध कोणी प्यायचे आणि मढे कोणी ओढायचे, हे जात ठरवीत असे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळे तुकडे सोडून देऊन स्वाभिमानाने जगण्याचे आवाहन केले. पुढे गावोगावच्या लोकांनी मेलेली गुरे ओढण्यास नकार दिला आणि त्यासाठी बहिष्कारही सोसला. दुसऱ्याच्या दावणीला बांधले जाणे म्हणजे काय, हे या समाजाला म्हणीतून शिकावे लागले नाही. म्हणूनच आपल्या घरी, आपल्या कमाईची एक म्हैस बांधलेली असणे ही अनेक कुटुंबांसाठी नुसती मिळकत नव्हती. ती मान वर करून जगण्याची खूण होती.

जनावरांच्या जागेला मराठीत आणखी एक शब्द आहे, 'कोंडवाडा'. कोंडण्यासाठी केलेला वाडा तो कोंडवाडा. मोकाट गुरे धरून तिथे डांबायची आणि मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ती सोडवायची, ही व्यवस्था इंग्रजी अमलात 1871 च्या कायद्याने पक्की झाली. दया पवार यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हेच नाव दिले. गावाबाहेर कोंडलेल्या माणसांसाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण होते.

गोठ्यालाही भिंती असतात आणि कोंडवाड्यालाही. गुरू संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्याकडे वळते, कारण तिथे वैरण असते, पाणी असते आणि पाठीवरून फिरणारा ओळखीचा हात असतो. कोंडवाड्यात त्याला ओढून न्यावे लागते. निवासी शाळेत पहिल्या रात्री रडणाऱ्या मुलाला वसतिगृह कोंडवाडाच वाटते. पुढे कधीतरी सुटीहून परतताना त्याची पावले आपोआप भरभर पडू लागतात. कोंडवाड्याचा गोठा झाला, हे त्या दिवशी कळते. रात्री दिवे मालवल्यावर गाद्यांवरून ज्या गोष्टी रंगतात, त्यांत जुन्या अर्थाची गोठीच जमलेली असते.

आज ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, अनेक गोठ्यांच्या जागी मोटारसायकली उभ्या राहिल्या. त्यांबरोबर दावे, दावण, लोढणे, झोपा हे शब्दही ओठांवरून नाहीसे होत आहेत. ते अजून आपल्या आईवडिलांना, आजीआजोबांना ठाऊक आहेत. माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या सुटीत एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि गोठ्यातील प्रत्येक वस्तूचे, प्रत्येक कामाचे नाव विचारून लिहून घ्यावे. ज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांना त्या दिवशी शिक्षक होता येईल. आणि "जा, गुरे राख" असे कोणी आपल्या मुलाला म्हणालेच, तर त्याला सांगता यावे, की ज्या शब्दातून 'गोष्ट' आली, तो शब्द गुरे राखणाऱ्यांनीच जतन केला आहे.