कूटलेखन, घरगुती संगणकावरील

संगणकातील खासगी मजकूर किल्ली जाणणाऱ्यासच वाचता यावा, म्हणून तो गणिती रीतीने बदलण्याची प्रक्रिया. मराठीत गुप्तलेखनाची परंपरा जुनी आहे. किनवटलगतचे माहूर हे महानुभावांचे पूज्य क्षेत्र. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांत जतन केले. सकळ लिपीत मूळ अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह येई. गुप्तता सर्वस्वी रीतीवरच अवलंबून होती. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिची उकल करताच त्या लिपीतील पोथ्या अभ्यासकांना खुल्या झाल्या.

रीत इतरांस कळली, तरी किल्ली गुप्त असेतो मजकूर सुरक्षित राहिला पाहिजे, हे तत्त्व केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले. आज्ञावली निवडताना हीच कसोटी लावतात. रीत गुप्त ठेवणारी आज्ञावली टाळावी; एईएस (२००१) यासारखी प्रकट, तज्ञांनी तपासलेली रीत वापरणारी व मूळ संहिता खुली असलेली आज्ञावली घ्यावी; उदा., व्हेराक्रिप्ट. परवलीचा शब्द लांब व सहज न तर्कण्याजोगा असावा. तो विसरल्यास मात्र प्रत्यक्ष मालकासही आपली फाईल उघडता येत नाही. म्हणून त्याची नोंद संगणकापासून दूर, सुरक्षित जागी ठेवणे हिताचे असते.